डॉक्टरबाईंचं ‘थांब’

डॉक्टरबाईंनी कधी कुणाशी शेकहँड केला नाही. समोरच्यानं हात पुढे केला की त्या सरळ मनगट पकडायच्या आणि नाडीवर बोटं ठेवून घड्याळाकडे बघायच्या. नोकरीसाठी ग्लासगोला आले आणि त्यांच्या घरात भाड्यानं खोली घेतली, तेव्हा मी दोन बॅगा घेऊन दारात उभी होते आणि बाई माझं मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

“बॅगा उचलून आलीस म्हणून, की घाबरलीयस?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे. तुझी खोली वर, मागच्या बाजूला. खिडकीतून झाड दिसतं.”

झाड दिसतं कसलं, खिडकीत झाडाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. अ‍ॅशचं ते झाड घराच्याही वर गेलेलं, आणि त्याचा अर्धा भार खालच्या किचनच्या छपरावर ओणवा झालेला. वारा सुटला की त्याची एक फांदी माझ्या खिडकीच्या चौकटीला घासायची. पहिल्याच वाऱ्यात मी दचकून उठले. मी खाली येऊन सांगितलं तर बाई म्हणाल्या, “ऐकलंय मी. आवाज बदलला की सांग.” झालं! मला झोप लागायची पंचाईत.

बाई मूळच्या मिरजेच्या. तिथेच डॉक्टर झाल्या, लग्न होऊन इकडे आल्या आणि जन्मभर इथल्या हॉस्पिटलांमध्ये लोकांना भूल देत राहिल्या. मी राहायला गेले तोवर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा गेलेला, मुलगी लंडनला एजवेअरमध्ये. रिटायर झाल्या म्हणायचं, एवढंच. घरात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी टेबलावर झोपलेलाच असायचा. आपण जेवायला बसलो की त्या आपल्या गळ्याकडे बघत बसायच्या, घास नीट उतरतोय ना म्हणून. आठवडा झाला नसेल, मला म्हणाल्या, “तुझी डावी नाकपुडी बंद असते. दाराबाहेरून कळतं.”

मी नागपूरची, बोलायला कमी करत नाही. म्हटलं, “अहो, पण माझ्या दाराबाहेर उभ्या कशाला राहता?”

“सवय,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. आलेल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवायच्या. “ऑपरेशन चालू असलं की सगळी खोली सुरीकडे बघते. पेशंटकडे कोण बघतं? मी. आणि मला पगार कशाचा मिळायचा माहितेय? थांबा म्हणायचा.”

हा पगार बंद झाला तरी काम काही बंद झालं नव्हतं. मी फोडणी करत असायची, मोहरी तडतडत असायची आणि मागून एकदम, “थांब!” हातातला डाव हवेत, मी पुतळ्यासारखी उभी. “अहो, झालं काय?” तर त्यावर, “आधी थांबायचं. का, ते नंतर विचारायचं.” कधी माझी ओढणी शेगडीच्या जवळ गेलेली असायची. पण दहात नऊ वेळा काही नसायचंच. त्यांना नुसतं ‘काहीतरी वाटलेलं’ असायचं. डोक्याला ताप नुसता! एकदा तर भर बसमध्ये पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणाल्या, बस थांबवा, तुम्ही जांभया देताय. इकडचे लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण अख्खी बस आमच्याकडे बघत होती आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मुलीचा फोन दर रविवारी यायचा. बाई फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडायच्या, त्यामुळे सगळं घर ऐकायचं. मुलगी इकडेच वाढलेली, तिचं मराठी आपलं चालतं तसं. “आई, प्लीज. तू सगळ्यांना स्टॉप करते. लोक अनॉय होतात. एकदा मेमरी क्लिनिकला जाऊन चेक करू या ना?”

बाईंनी फोन ठेवल्यावर मेथीची जुडी पुढे ओढली.

“माझं डोकं सटकलंय असं वाटतंय तिला,” त्या म्हणाल्या. “आणि काय सांगावं, सटकलं असेलही. आपलं डोकं सटकलंय हे आपल्याला कुठून कळणार?”

मी म्हटलं, “काहीतरीच काय बोलता.” पण म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे तो बसचा ड्रायव्हर होताच.

मग मेथी निवडता निवडता त्यांनी मला ते सांगितलं. “एक मुलगी होती. तुझ्याएवढी. ऑपरेशन अगदी साधं. मशीनवर सगळं व्यवस्थित दिसत होतं. पण मला तिच्या कानाच्या पाळीचा रंग बरोबर वाटेना. मी म्हटलं, स्टॉप. सर्जन मोठा माणूस. त्यानं मान वर न करता विचारलं, व्हाय? आणि मी कारण शोधायला लागले गं. कानाची पाळी म्हटलं तर हसतील. त्याला पटेल असं कारण हवं, तेही चांगल्या इंग्रजीत. मी शोधत राहिले आणि तो कापत राहिला.”

त्यांनी पानं एका बाजूला केली, काड्या एका बाजूला.

“ती गेल्यावर सगळे म्हणाले, तुमचा काही दोष नाही. तो सर्जनसुद्धा म्हणाला. असेल बाबा, नसेल दोष. पण मी कारण सांगत बसले होते, हे तर खरं ना?”

 मी मेथी धुवायला घेतली.

झाडाला रोग लागल्याचं त्या वसंतात कळलं. इकडच्या अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा एक रोग सगळीकडे लागलाय. शेंडा वाळत जातो आणि लाकूड आतून ठिसूळ होतं. एका सकाळी, वारा नाही, पाऊस नाही, आणि भली मोठी फांदी बागेतल्या शेडवर येऊन पडली. शेडचा चुराडा. मी वरच्या खिडकीतून बघितलं आणि तशीच मटकन पलंगावर बसले. ती फांदी शेडऐवजी इकडच्या बाजूची असती तर पलंगावर बसायला मी नसते.

झाड काढायला माणसं आली ती तिघं. त्यांचा बॉस आडदांड, लाल दाढीचा. मी त्याला मनातल्या मनात मुकादम म्हणायची. दुसरा एक खाली दोऱ्या सांभाळणारा, तो दिवसभरात एक शब्द बोलला असेल तर शपथ. आणि चढणारी होती एक बाई, तिशीतली, काटक, हातभर टॅटू. तिनं नाव सांगितलं, “आयला.” मला हसू आवरेना. इकडे हे चांगलं घरंदाज नाव आहे, पण नागपूरच्या माणसानं काय करावं? बाईंनी मला डोळ्यांनीच दटावलं.

मुकादमानं सगळं समजावून सांगितलं. घराच्या बाजूची वाट अरुंद, त्यामुळे माणसाला उचलून वर नेणारं मशीन मागे आणता येत नव्हतं. चढूनच कापायला हवं होतं. पण रोगट अ‍ॅशवर भरवसा ठेवून चढणं म्हणजे जिवाशी खेळ. ती काचेसारखी फुटते, तो म्हणाला. मला आपला पापड आठवला. म्हणून आयलाची दोरी शेजारच्या धडधाकट बीचच्या झाडाला बांधायची; ती लटकणार बीचला आणि कापणार अ‍ॅश. कापलेला तुकडाही आधी दुसऱ्या एका दोरीला बांधायचा. ती दोरी बीचवरच्या कप्पीतून खाली मुकादमाच्या हातात, म्हणजे तुकडा किचनवर न पडता हळूहळू उतरेल. आणि हे सगळं आजच, कारण दुसऱ्या दिवशी वादळ येणार होतं.

बाईंचं लक्ष यातल्या कशाकडेच नव्हतं. त्यांनी आयलाचं मनगट धरलं होतं. सकाळी काय खाल्लंस? झोप झाली का? गोळ्या चालू आहेत? कशाची अ‍ॅलर्जी? आयला हसत हसत उत्तरं देत होती. शेवटी म्हणाली, “रक्त पण काढणार का?”

“गरज वाटली तर,” बाई म्हणाल्या. मग मुकादमाकडे वळल्या. “मी स्टॉप म्हटलं तर थांबाल?”

“आमच्याकडे नियमच आहे, डॉक. कामावर कुणीही स्टॉप म्हणू शकतं.”

बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण काय बोलून बसलो ते.

बाईंनी किचनमधली खुर्ची बागेच्या पार टोकाला, त्या माणसांनी आखून दिलेल्या रेघेच्या मागे नेऊन ठेवली. डोक्यावर त्यांनीच दिलेलं हेल्मेट, अंगात नवऱ्याचा जुना रेनकोट. मी शेजारी उभी. ऑफिसला घरून काम करते म्हणून सांगितलं होतं आणि लॅपटॉप वर तसाच उघडा पडला होता. आयला वर गेली. बुटांना लोखंडी काटे, कमरेला पट्टा, पट्ट्याला लटकलेली छोटी करवत. करवत सुरू झाली की कानठळ्या बसायच्या आणि भुसा पावसासारखा खाली यायचा. लहान फांद्या एकामागून एक उतरत होत्या. आम्ही सगळे त्या फांद्यांकडे बघत होतो. बाई बघत होत्या फक्त आयलाकडे.

पहिल्यांदा त्या ओरडल्या ते आयलानं खोडाला कपाळ टेकवलं तेव्हा. “स्टॉप!” करवत बंद. मुकादम धावत आला. वरून आयला म्हणाली, काही नाही, जरा दम घेत होते. दुसऱ्यांदा ओरडल्या ते आवाज बदलला म्हणून. करवतीतलं पेट्रोल संपत आलं होतं, एवढंच.

मुकादम बाईंच्या खुर्चीसमोर येऊन उकिडवा बसला. आवाज खाली ठेवला होता, पण कान लाल झाले होते. “डॉक, ऐका. फांदी अर्धी कापलेली असताना थांबलं तर पुढचं लाकूड ठरवतं, आपण नाही. उगाच थांबणं हा पण धोकाच आहे. आता पुढचा तुकडा सगळ्यात मोठा, तुमच्या छपराच्या बरोबर वर. आणखी एकदा काही कारण नसताना ओरडलात तर तुम्हाला घरात जावं लागेल.”

बाईंचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. शाळेत अंगठे धरायला लावलेल्या पोरीसारख्या दिसत होत्या.

“नाही ओरडणार,” त्या म्हणाल्या. मग मला, मराठीत, “मुलगी म्हणते ते खरंच दिसतंय.”

मला रडूच आलं. रागही आला, कुणाचा कुणास ठाऊक.

वारा वाढत होता. शेंड्याकडची वाळलेली फांदी, चांगली माझ्या मांडीपेक्षा जाड, किचनच्या छपरावर आडवी होती. आयला तिच्या मुळाशी गेली. दोरी बांधली, ओढून बघितली, खाली अंगठा दाखवला. मुकादमानं दोरीचे वेढे बुंध्याला बसवलेल्या लोखंडी खुंट्याला घातले आणि टोक दोन्ही हातांनी धरलं. करवत सुरू झाली.

सगळ्यांच्या नजरा फांदीवर. मुकादम फांदीकडे बघतोय, तो मुका माणूस छपराकडे बघतोय, मी माझ्या खिडकीकडे. माझ्या चष्म्यावर भुसा आणि पावसाचे थेंब. आणि एवढ्यात बाईंनी माझं मनगट पकडलं. नाडी बघायला धरायच्या तसं नाही, बोटं रुतली माझ्या हातात.

“तिचा पाय,” त्या म्हणाल्या. “डावा पाय बघ. झटकतेय.”

मी बघितलं. मला बूट दिसला, खोड दिसलं. “काय झालं पायाला?”

“माशी बसली की झटकतो ना आपण, तसा. दोनदा झटकला. तिला स्वतःला कळलेलं नाहीये, पण पायाला कळलंय.” त्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच बाहेर येईना. ओठ हलत होते. जन्मभर थांबा म्हणायचा पगार घेतलेली बाई, आणि तिचा घसा बसला होता. माझ्याकडे बघून त्या कशाबशा म्हणाल्या, “मला नाही आता माझी खात्री वाटत. तुला दिसतंय का काही?”

मला काही दिसत नव्हतं. देवाशपथ सांगते, मला एक बूट सोडून काही दिसत नव्हतं. वर करवत लाकडात निम्मी गेली होती. फांदीचं टोक हलायला लागलं होतं. आता ओरडायचं म्हणजे अर्धी कापलेली फांदी आमच्या छपरावर तशीच लटकत ठेवायची, मुकादमानं नको नको म्हणून सांगितलेलं नेमकं तेच करायचं.

“थांबव गं,” बाई म्हणाल्या.

“स्टॉप!” मी ओरडले. बेंबीच्या देठापासून ओरडले. “आयला, स्टॉप! स्टॉप!”

करवत बंद पडली. इतकं शांत झालं की भुसा पानांवर पडल्याचा आवाज ऐकू यायला लागला. मुकादमानं मान वळवून माझ्याकडे जे बघितलं, त्याचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. दोरी हातात असल्यामुळे त्याला जागेवरून हलता येत नव्हतं, नाहीतर त्यानं मला उचलून घरात टाकलं असतं.

“काय? काय झालं?” आयला वरून ओरडली.

“तुझा पाय,” मी म्हटलं. “डावा.”

तिनं खाली बघितलं आणि बघतच राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “दोरी आहे पायात.”

फांदीला बांधलेली जी दोरी खाली मुकादमाच्या हातात जात होती, तिचा सैल भाग आयलानं जागा बदलली तेव्हा मागे लोंबत राहिला होता. त्याचा एक फेरा तिच्या बुटाच्या काट्यामागे, घोट्याभोवती बसला होता. फांदी सुटली की दोरीला झटका बसून ती ताणली जाणार, आणि त्या फेऱ्यात तिचा पाय. एवढ्या वजनापुढे पाय काय टिकणार? 

पण फांदी अजून तिथेच होती, निम्म्या जाडीवर उभी. आणि वारा तिला हलवत होता. टक्. लाकडातून आवाज आला. मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज तो बाळाला झोपवतात तसा काढत होता. “काही घाई नाही, आयला. वाक. हळू. वेळच वेळ आहे आपल्याकडे.” वेळ कुठला आलाय! टक्, पुन्हा. आयला एका हातानं खोड धरून वाकली. फेरा काट्यात अडकला होता, निघेना. तिनं पाय वळवला. निघेना. बाई माझं मनगट धरून पुटपुटत होत्या, “श्वास घे, पोरी, श्वास घे.” ते आयलाला होतं की मला, देव जाणे. मी घेतला.

फेरा सुटला. तिनं पाय सोडवला, खोडाला लाथ मारून स्वतःला बीचच्या बाजूला झोकून दिलं, आणि त्याच क्षणी फांदी गेली. कुणी कापायची वाट तिनं बघितलीच नाही. धाडकन् मोडली, दोरी ताणून झणझणली, मुकादम ओढला जाऊन गुडघ्यांवर आला पण टोक सोडलं नाही. फांदी झोका खाऊन किचनवर आली, पन्हळ उखडली, खिडकीची काच फोडली आणि छपरापासून हातभर अंतरावर लटकून गरगर फिरत राहिली. आयला पलीकडे बीचच्या दोरीवर लोंबकळत होती. दोन्ही पाय शाबूत.

नंतर ती खाली आली, गवतावर पाय पसरून बसली आणि बराच वेळ तो डावा बूट नुसता हातात घेऊन बघत राहिली. मुकादम माझ्याकडे आला. हेल्मेट काढलं होतं त्यानं. “बरं ओरडलीस,” तो म्हणाला. “मला खालून नाही दिसलं. तुला तिथून कशी दिसली दोरी?”

“मला नाही दिसली,” मी म्हटलं. “डॉक्टरांना पाय दिसला.”

त्यानं बाईंकडे बघितलं, हात पुढे केला. बाईंनी त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघायला लागल्या. “फार जोरात चाललीय,” त्या म्हणाल्या. “बसा जरा तुम्हीपण.” तो मुकाट्यानं गवतावर बसला.

उरलेलं झाड त्यांनी त्याच दिवशी उतरवलं, आणि प्रत्येक मोठा तुकडा कापायच्या आधी आयला वरून बाईंकडे बघायची. बाई मान हलवायच्या. मग करवत सुरू.

ती माणसं गेल्यावर आम्ही किचनमध्ये आलो. फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावला. खिडकीबाहेर एवढं मोकळं आभाळ होतं की कुठेतरी चुकीच्या घरात आल्यासारखं वाटत होतं. बाई हेल्मेट काढायला विसरल्या होत्या, ते माणसांचं असून डोक्यावरच राहिलं होतं. तशाच खुर्चीत बसल्या.

“तुला खरंच दोरी दिसली नव्हती?”

“नाही.”

“पाय झटकलेला?”

“तोही नाही.”

“मग ओरडलीस कशी?”

“तुम्ही म्हणालात ना, थांबव म्हणून.”

“का, ते नाही विचारलंस.”

“तुम्हीच तर म्हणता, आधी थांबायचं.”

बाईंनी माझा हात घेतला. मनगट नाही, हात. पहिल्यांदाच. आणि घड्याळाकडे न बघता, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून, ढसाढसा रडायला लागल्या. “त्या दिवशी असं कुणीतरी...” एवढंच म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना म्हणता आलं नाही. मला कळलं, कुठला दिवस ते. कानाच्या पाळीचा. मलाही मग रडू फुटलं. दोघी रडलो, चांगल्या मनसोक्त.

थोड्या वेळानं मी डोळे पुसले आणि चहा टाकायला उठले.

“थांब,” बाई म्हणाल्या.

मी थांबले. का, ते विचारलं नाही.